झांज धरलेली बाई

दिल्लीकडची मराठी माणसं एकमेकांच्या घरी गेली की आधी पाणी पितात आणि मग गावाकडचं विचारतात. गुडगावला राजीवच्या घरी येणारा पाहुणा मात्र पाण्याचा पेला हातात तसाच धरून भिंतीपुढं उभा राहायचा. भिंतीवर काचेच्या चौकटीत एक चित्र होतं. काळ्या शाईनं काढलेलं, लहानशा खिडकीएवढं. सरोजिनीनगरच्या गणपतीच्या मांडवातली सगळी गर्दी त्यात बसवली होती, कणसात दाणे बसावेत तशी. आणि एकही माणूस देवानं घडवला तसा नव्हता. कुणाचं पोट रांजणाएवढं, कुणाचं नाक वेशीपर्यंत गेलेलं, कुणाचे दात ओठांना न जुमानता बाहेर आलेले. डोकी मोठी, पाय काटकुळे.

"अरे यार राजीव, ये तो कमाल है!" राजीवच्या ऑफिसातला साकेत पहिल्यांदा आला तेव्हा म्हणाला. "काकू, हे पोटवाले कोण?"

असं कुणी विचारलं की राजीवची आई इंदुमती पदराला हात पुसत बाहेर यायची. एरवी ती फारशी बोलायची नाही. पण चित्रापुढं उभी राहिली की तिला वाचा फुटायची.

"हे गुलाबराव, मंडळाचे अध्यक्ष. पोट आधी पोचायचं, गुलाबराव मागून यायचे. आणि हे अण्णासाहेब. आरती नाकातून म्हणायचे, म्हणून नाक एवढं. नाकाच्या शेंड्यावर चिमणीनं घरटं बांधलंय, दिसलं का? अण्णासाहेबांची आरती संपेपर्यंत पिल्लं उडून जायची."

"आणि हे सुपाएवढ्या कानांचे?"

"तो दिलीप. कुणाच्या घरात आमटी करपली, कुणाचं भांडण झालं, सगळं त्याला पहिलं कळायचं. सकाळी ऐकलं की दुपारपर्यंत कॉलनीभर."

साकेत पोट धरून हसला. मग त्यानं तो प्रश्न विचारला, जो प्रत्येक पाहुणा कधी ना कधी विचारायचाच. "आणि काकू, यात तुम्ही कुठं आहात?"

"मी आत होते. प्रसादाचा शिरा कुणीतरी ढवळायला नको का?"

"आणि ही कडेची? खांबाला टेकलेली?"

"ती लता. झांज वाजवायची," एवढं म्हणून इंदुमती स्वैपाकघरात वळायची. त्या एका बाईवर तिनं कधी बोट ठेवलं नाही. बाकीच्या गर्दीवरून तिचं बोट पिकातून वारा फिरावा तसं फिरायचं, पण त्या कडेला आलं की खाली यायचं.

चित्र काढलं होतं तिच्या नवऱ्यानं, हरिदासनं. तो माण तालुक्यातल्या कोरड्या गावचा. सरकारी बांधकाम खात्यात नकाशे काढायच्या कामावर लागला आणि दिल्लीला आला. दिवसभर सरळ रेघा ओढायचा, आणि संध्याकाळी सरोजिनीनगरच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये बसून वाकड्या रेघांनी माणसं काढायचा. हात असा की चार रेघांत माणूस पकडावा. कुणी रागावलं नाही, कारण त्याच्या टाकाला विष नव्हतं. उलट ज्याला त्यानं काढलं नाही, तोच रुसून बसायचा.

मांडवातली गर्दी त्यानं काढली ती चौऱ्याण्णव साली. क्वार्टरांच्या गच्च्यांवर केबलच्या तारा नुकत्या लोंबू लागल्या होत्या, आणि लोक म्हणत होते की यमुनेपलीकडं नि गुडगावकडं नवी घरं होणार, पुढं सगळे पांगणार. हरिदास म्हणाला, "पांगायच्या आधी एकदा सगळ्यांना एका जागी बसवतो." गणपतीत तो मांडवाच्या कोपऱ्यात बसून होता आणि नंतर पुष्कळ दिवस कागदावर वाकून. चित्र मंडळाच्या अंकात छापून आलं तेव्हा लोकांनी स्वतःला शोधून शोधून हसून घेतलं.

इंदुमतीनंही शोधलं. आपली खूण काय असणार हे तिला ठाऊक होतं. तिची हनुवटी मोठी होती. माहेरी भावंडं म्हणायची, "इंदीच्या हनुवटीवर पणती ठेवली तर विझायची नाही." हरिदासनं गुलाबरावांचं पोट सोडलं नाही, तर बायकोची हनुवटी कशाला सोडेल? तिनं सगळ्या बायकांच्या हनुवट्या बघितल्या. एकही तिची नव्हती.

"मला कुठं काढलंत?" तिनं हसत विचारलं.

"शोध की," तो म्हणाला आणि टाक पुसत राहिला.

तिनं पुन्हा शोधलं. मग तिची नजर कडेच्या बाईवर अडली. सगळ्या गर्दीत ती एकटीच धड माणसासारखी होती. ना नाक वाढवलेलं, ना दात. मांडवाच्या खांबाला टेकून उभी, पदर खांद्यावरून पुढं घेतलेला, गर्दीकडून तोंड किंचित फिरवलेलं. कुणी बघतंय हे कळल्यावर बाई लाजते तशी. आणि रेघा इतक्या हलक्या, की टाक कागदाला टोचू नये म्हणून जपून ओढल्यासारख्या. हातात झांजेच्या दोन वाट्या. मंडळात झांज एकटी लता वाजवायची. लता मंत्रालयात टाइपिस्ट होती, लग्न न केलेली, गोड गळ्याची.

इंदुमती पुन्हा काही विचारायला गेली नाही. हरिदासच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती. दारू नाही, आवाज चढवणं नाही, घर सोडून कुठं बसणं नाही. पण कुसळ डोळ्यात नसून पायात असलं तरी ते चालताना कळतंच. जगाची थट्टा करणाऱ्या माणसानं एकाच बाईची थट्टा केली नाही, आणि ती बाई आपण नाही. हे तिनं मनाच्या तळाशी ठेवून दिलं आणि वर संसाराची माती लोटली.

तसं झाकून ठेवायची तिला जन्माची सवय होती. लहानपणी तिचा उजवा कान फुटला होता. पू वाहायचा, आजीनं कसलासा पाला पिळून घातला, वाहणं थांबलं आणि ऐकणंही थांबलं. लग्नाची वेळ आली तेव्हा आईनं बजावलं, "सासरी कुणाला कळता कामा नये. कळलं तर म्हणतील, फुटकं भांडं आमच्या गळ्यात मारलं." पाहुणे बघायला आले त्या दिवशी आईनं तिचा पाट मुद्दाम उजव्या हाताला भिंत येईल असा मांडला, म्हणजे विचारणारे सगळे डावीकडं बसतील. प्रश्न आले, उत्तरं दिली गेली, लग्न झालं. आईला दिलेला शब्द इंदुमतीनं पाळला. ओठ वाचायला शिकली, माणसाच्या समोर उभी राहायला शिकली, आणि एखादा शब्द निसटलाच तर हसून वेळ मारून न्यायला शिकली. हरिदासला कधी संशयसुद्धा आला नाही, याचा तिला मनातून थोडा अभिमान होता.

त्याच्या काही खोडी मात्र विचित्र होत्या. रस्त्यानं चालायचं तर तो आधी रस्ता ओलांडायचा आणि उलट बाजूच्या कडेनं चालायचा, गाड्या अंगावर येतील अशा बाजूनं. तिला भिंतीकडून घालायचा, स्वतः तिच्या डावीकडून. "सगळं जग एका बाजूनं चालतं, तुमचं आपलं उलटंच," ती कुरकुरायची. "माणदेशी माणूस उलट्याच वाऱ्यानं चालतो," तो म्हणायचा. बसमध्येही तिला उजवीकडची खिडकी. ती म्हणायची, वारा लागावा म्हणून देतात.

पुढं हरिदास गेला. ऑफिसातून आला, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत संपला होता. क्वार्टर सोडावं लागलं. मंडळी खरंच पांगली. गुलाबराव मुलाकडं नोएडाला गेले आणि तिथंच वारले. अण्णासाहेब पुण्याला. इंदुमती गुडगावला राजीवच्या आठव्या मजल्यावर आली. खाली जिथं मोहरीची शेतं पिवळी व्हायची तिथं आता बांधकामाच्या उंच यारी उभ्या होत्या, आणि काचेच्या इमारतींत तरणी पोरं इंग्रजीतून बोलायला गाडीत बसून जात होती. राजीव सकाळी जायचा तो दिवे लागल्यावर यायचा. सून मृणाल पुण्याची, एका परदेशी कंपनीत. मनानं चांगली, बोलायला मोकळी. पण त्या घरात सगळी आपापल्या घाईत बोलायची. पाठमोरी, चालता चालता, टीव्ही लावून. मृणाल उजवीकडून काही विचारायची, उत्तर यायचं नाही, आणि ती ओठ मिटून निघून जायची. इंदुमतीला ते ओठ मिटणं दिसायचं. काय विचारलं होतं ते मात्र कळायचं नाही.

"आईंना मी आवडत नाही बहुतेक," एकदा मृणाल राजीवला म्हणाली. ते डावीकडून आलं, म्हणून इंदुमतीला ऐकू आलं. तरी ती गप्प राहिली. दिलेला शब्द मोडायचा कसा, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात मृणालनं सांगितलं, "आई, राजीवला फोन आला होता, लतामावशी निवृत्त झाल्या. दिल्ली सोडून भाच्याकडं रत्नागिरीला चालल्यात, कायमच्या. रविवारी मी त्यांना जेवायला बोलावलंय. चालेल ना?"

इंदुमती एवढंच म्हणाली, "बोलाव." मग दोन रात्री तिला नीट झोप आली नाही. लता रत्नागिरीला गेली की ते चित्र कायमचं मुकं होणार. हरिदासला विचारता येत नाही. विचारायचं तर लतालाच, आणि रविवारीच.

रविवारी राजीव कामानं बाहेरगावी होता. तिनं वांगी भाजली, हरियाणाच्या बाजरीच्या भाकऱ्या थापल्या. लता आली. केस पांढरे झालेले, गळा मात्र तसाच. "वहिनी, अजून भाकरी तशीच पापुद्र्याची! आमच्या सोसायटीतल्या पोरी भाकरीला 'काळी रोटी' म्हणतात हो." मृणाल हसली. इंदुमतीलाही हसावं लागलं. जेवताना लता टेबलाला वळसा घालून तिच्या डावीकडच्या खुर्चीवर बसली, हे इंदुमतीनं पाहिलं आणि त्यात काही पाहिलं नाही.

जेवणं झाली. मृणाल चहा टाकायला आत गेली. लता चष्मा पुसून चित्रापुढं उभी राहिली.

"अगंबाई, गुलाबराव! आणि हा मेला दिलीप. सगळे आहेत की." हसता हसता तिचे डोळे भरले. "किती जण उरलेत यातले, वहिनी?"

इंदुमती हळूच पुढं आली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं कडेच्या बाईवर बोट ठेवलं.

"यांनी सगळ्यांची थट्टा केली. तुझी तेवढी केली नाही. का गं, लता?"

प्रश्न वर्षानुवर्षं तोंडात घोळलेला होता, म्हणून आवाज कापला नाही.

लता वाकली, निरखून पाहू लागली. "माझी? वहिनी, ही मी नाही."

"झांज तुझी आहे."

"झांज माझी आहे. पण मी कुठं होते त्या वर्षी? पानिपतला भावाचा हात यंत्रमागात सापडला होता. गणपतीभर मी त्याच्या उशाशी बसून. झांज मांडवातच राहिली." लतानं काचेवर नख टेकवलं. "आणि मी असते तर वाजवत असते. मला गप्प उभं राहता येतं का कधी? ही बघा, दोन्ही वाट्या छातीशी धरून नुसती उभी आहे."

तेव्हा इंदुमतीला आठवलं. पितळेचा गारवा आधी आठवला, मग बाकीचं. आरती सुरू व्हायच्या वेळी ती शिऱ्याचं पातेलं उतरवून बाहेर आली होती, आणि अण्णासाहेबांनी तिच्या हातात झांज कोंबली होती. "लता नाही आज. वहिनी, तुम्ही धरा." तिनं धरली. वाजवायचं धाडस झालं नाही. अर्धाच आवाज पोचतो, ठेका चुकला तर सगळ्यांना कळेल, या भीतीनं ती खांबाला टेकून आरती संपेपर्यंत तशीच उभी राहिली होती. ती संध्याकाळ तिनं तेव्हाच पुसून टाकली होती. लाज वाटलेल्या गोष्टी माणूस लवकर पुसतो.

"पण माझी हनुवटी..." ती म्हणाली.

"हनुवटी पदराआड गेलीय. मान बघा ना. डावा कान पुढं करून, तोंड असं फिरवून. स्वतःला ओळखलं नाहीत खरंच? तुम्ही कायम अशाच उभ्या राहता, वहिनी. आत्ताही तशाच उभ्या आहात."

काचेत तिचं प्रतिबिंब पडलं होतं. एक म्हातारी, मान तिरकी करून उभी. आणि तिच्या मागं शाईतली एक तरुण बाई, तशीच. ते तोंड लाजून फिरवलेलं नव्हतं. ते ऐकत होतं.

"कसला कान?" इंदुमती म्हणाली. सवयीनं. आईचा शब्द अजून तोंडात होता.

लतानं तिचा हात हातात घेतला. "आता सांगायला हरकत नाही. मी मंडळात नवी आले तेव्हाची गोष्ट. तुम्ही आत होतात. हरिभाऊंनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, 'आमच्या इंदूला उजव्या कानानं ऐकू येत नाही. तिच्याशी डाव्या अंगानं बोलत जा. पण मला ठाऊक आहे हे तिला कळू द्यायचं नाही. तिच्या आईनं तिला शपथ घातलेली दिसते, ती मोडायला लावू नका.' असं ते प्रत्येकाला सांगायचे, कॉलनीत कुणी नवं मराठी घर आलं की."

"त्यांना... कधी कळलं?"

"तुम्हाला बघायला आले तेव्हाच. पाट भिंतीला का लावलाय, म्हणून त्यांना नवल वाटलं म्हणे. पाणी प्यायचं निमित्त करून ते उठले आणि तुमच्या पाठीमागून जाता जाता भिंतीकडच्या कानाशी हळूच तुमचं नाव घेतलं. तुम्ही हललाही नाहीत. त्यांचे मामा शेजारी बसले होते, त्यांनाही हरिभाऊंनी कळू दिलं नाही. परत जागेवर येऊन म्हणाले, मुलगी पसंत आहे."

इंदुमतीच्या आईनं अख्खं बळ एकवटून जे झाकलं होतं, ते पहिल्याच घटकेला त्यानं पाहिलं होतं. आणि ते पुन्हा झाकून ठेवायला आईइतकाच राबला होता.

"राजीवला?"

"त्याला नव्हतं सांगितलं. लहान मूल, खेळता खेळता बोलून जाईल म्हणाले."

"आणि दिलीपला?"

"दिलीपलाही सांगितलं होतं." लता ओले डोळे पुसत हसली. "त्या माणसानं जन्मात तेवढी एकच गोष्ट पोटात ठेवली."

इंदुमतीनं पुन्हा चित्राकडं पाहिलं. इतकी वर्षं ती वाचत आली होती ते चित्र आता कुठं तिच्याकडं वळलं. कडेच्या बाईच्या उजव्या अंगाला फक्त खांब होता. बाकीची सगळी गर्दी, पोटांची, नाकांची, सुपाएवढ्या कानांची, तिच्या डाव्या हाताला उभी होती. तिला गुलाबराव आठवले. बोलायला आले की कपड्यांच्या दोरीखालून एवढं पोट वाकवून पलीकडं जायचे, मग "काय वहिनी" म्हणायचे. अण्णासाहेब खुर्ची उचलून फिरवून बसायचे. ती मनात म्हणायची, या दिल्लीच्या माणसांना एका जागी बसवत नाही. चित्रात हसू येईल असं काढलेल्या त्या सगळ्यांनी तिचं गुपित तिच्यापासूनसुद्धा जपलं होतं. आणि त्यांतले बहुतेक आता नव्हते. आभार मानायचे तर शाईचे मानावेत.

रडू आलं, पण आवाज न करता. लता तिच्या डावीकडं उभी राहून गप्प होती. गप्प राहताही येतं तिला, एवढं त्या दिवशी कळलं.

तेवढ्यात मृणाल चहा घेऊन आली. उजवीकडून. तिनं काहीतरी विचारलं असावं, कारण कप पुढं धरून ती थांबली, आणि मग तिचे ओठ मिटले. ते मिटलेले ओठ इंदुमतीला दिसले.

"मृणाल," ती म्हणाली. "जरा अशी इकडून ये."

मृणाल वळसा घालून डावीकडं आली. "काय झालं, आई? रडताय का?"

"या उजव्या कानानं मला ऐकू येत नाही. लहानपणापासून."

एवढंच वाक्य. पण ते बाहेर पडायला सगळं आयुष्य गेलं होतं.

"म्हणजे मी इतके दिवस... अहो आई, मला वाटायचं, तुम्ही माझ्याशी मुद्दाम बोलत नाही."

"तू बोलत होतीस, मला पोचत नव्हतं. आणि सांगायचं नाही असं मला शिकवलं होतं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "काय विचारत होतीस आत्ता?"

"साखर," मृणाल म्हणाली, आणि तिलाच रडू आलं. "साखर किती घालू, एवढंच."

"घाल जास्तीची. आज चालेल."

चहा झाल्यावर मृणाल चित्रापुढं गेली. "मग ही कडेची कोण? तुम्ही तर म्हणायचात लतामावशी."

"ही मी," इंदुमती म्हणाली. "यांनी काढलीय."

ऊन कलल्यावर लताला सोडायला त्या दोघी खाली उतरल्या. फाटक लांब होतं आणि सोसायटीच्या रस्त्यावरून गाड्या येत-जात होत्या. लतानं इंदुमतीचा दंड धरला आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेला नेलं.

"मावशी, फाटक या बाजूनं जवळ आहे," मृणाल म्हणाली.

"असू दे गं. आम्ही सरोजिनीनगरची माणसं पलीकडूनच चालतो."

इंदुमतीच्या उजवीकडं कुंपणाची भिंत होती, डावीकडं लता. फाटकाशी रिक्षा मिळाली. जाताना लतानं दोन्ही तळवे एकमेकांना लावून झांज वाजवल्यासारखे हलवले.

परत येताना इंदुमती नेहमीच्या डाव्या कडेनं निघाली होती. मृणालनं तिचा हात धरला, दोन्ही बाजूंनी गाड्या पाहिल्या, आणि तिला घेऊन रस्ता ओलांडला.